गोळी सरळ जात नाही! घरच्या घरी नाणं, मोबाइल आणि वहीने कसं समजून घ्यायचं

माझी भाची नववीत आहे, गेल्या वर्षी तिला शूटिंगचं वेड लागलं. ठाण्याच्या पोराने, म्हणजे रुद्रांक्ष पाटीलने, २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, तेव्हापासून आमच्याकडे घरोघरी एक तरी नेमबाज तयार होतोय असं वाटतं. शनिवारी-रविवारी तिला ठाणे-पनवेल लोकलने रेंजवर न्यायची ड्युटी माझ्याकडे. एकदा कोपरखैरणे गेल्यावर तिने विचारलं, "मामा, बॅरल तर सरळ आहे, समोर टार्गेटपण सरळ आहे, मग सर म्हणतात साइट अजून वर घे, ते कशाला?" मी डिप्लोमावाला माणूस, ऐटीत उत्तर द्यायला गेलो आणि नेरुळपर्यंत अडकलो. मग घरी येऊन वही काढली. त्या वहीतलं सगळं इथे टाकतोय, ज्यांची पोरं रेंजवर जातात किंवा ज्यांना नुसतीच उत्सुकता आहे त्यांना करून बघता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ग्रॅव्हिटीला गोळीचा वेग दिसत नाही, वजन दिसत नाही, ती फक्त घड्याळ बघते. गोळी हवेत किती वेळ होती त्यावर ती किती खाली येणार हे ठरतं. आणि हवा काय करते, तर ती गोळीला उशीर करते.

हे पटत नसेल तर नाण्यांपासून सुरुवात करा. दोन एकसारखी नाणी घ्या आणि एक फूटपट्टी. टेबलाच्या अगदी कडेला एक नाणं ठेवा. पट्टी त्याच्या शेजारी तिरकी अशी ठेवा की तिचं टोक टेबलाबाहेर येईल आणि त्या बाहेर आलेल्या टोकावर दुसरं नाणं ठेवा. आता पट्टीला आडवी टिचकी मारा. कडेवरचं नाणं जोरात लांब उडेल, पट्टीवरच्या नाण्याखालून पट्टी सटकेल आणि ते जागच्या जागी खाली पडेल. डोळे मिटून ऐका, फरशीवर आवाज एकच येतो, टण्ण. म्हणजे लांब उडालेलं आणि नुसतं पडलेलं, दोघं एकाच वेळी खाली पोचले. पहिल्या दोन-तीन वेळेला गडबड होते, पट्टी चुकीची लागते, आमच्याकडे एक नाणं फ्रिजखाली गेलं ते अजून तिथेच आहे, पण जमलं की पोरांचा चेहरा बघण्यासारखा असतो. गॅलिलिओने हे १६३८ मध्ये छापून मांडलं होतं, की पुढे जाणं आणि खाली पडणं ही दोन कामं एकाच वेळी चालतात पण एकमेकांत लुडबुड करत नाहीत. (हवा मध्ये आली की थोडी लुडबुड होते, पण आपल्या हिशेबात ती धरली नाही तरी चालते.)

आता गणित, आणि ते एका ओळीचं आहे. किती खाली आलं ते मीटरमध्ये हवं असेल तर वेळेचा वर्ग करा आणि त्याला ४.९ ने गुणा, संपलं. एका सेकंदात ४.९ मीटर, अर्ध्या सेकंदात सव्वा मीटरच्या आसपास, एक दशांश सेकंदात ४.९ सेंटीमीटर. वेळ दुप्पट झाला की पडणं चौपट होतं, हे लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

मग प्रश्न उरतो वेळेचा. १० मीटर एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजन साधारण अर्धा ग्रॅम, आणि बॅरलमधून निघताना वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो. नुसता भागाकार केला तर १० भागिले १७० म्हणजे ०.०५९ सेकंद. पण हे हवा नसलेल्या जगातलं उत्तर झालं. खरा वेळ मोजायचा असेल तर मोबाइल पुरतो. रेंजवर सरांची परवानगी घेऊन मोबाइल आपल्या शूटिंग टेबलावर ठेवा, व्हॉइस रेकॉर्डिंग चालू करा आणि पाच-सहा छर्रे मारा. घरी येऊन कुठल्याही फुकट ऑडिओ एडिटरमध्ये ती फाइल उघडली की दोन टोकदार डोंगर दिसतात, पहिला बंदुकीचा फट्, दुसरा मागच्या पत्र्यावर छर्रा आपटल्याचा. त्या दोघांमधला वेळ मोजा. आम्हाला तो ०.०९१ च्या आसपास मिळाला. आता इथे बरेच जण फसतात, मीपण फसलो, की हाच उडायचा वेळ. अरे, आपटल्याचा आवाज १० मीटर परत चालत यायला लागतो ना! आपल्याकडच्या तीस डिग्रीत आवाज सेकंदाला जवळजवळ ३५० मीटर जातो, म्हणजे १० मीटरला ०.०२९ सेकंद. ते वजा करा, उरतं ०.०६२.

०.०६२ चा वर्ग गुणिले ४.९, उत्तर येतं जवळपास १९ मिलिमीटर. म्हणजे डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा कमी वेळात, एका खोलीएवढ्या अंतरात, छर्रा जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली येतो. आता टार्गेटचा साइझ बघा. एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेनाने टेकवल्यासारखा, आणि अख्खं टार्गेट साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं. बॅरल एकदम ठिपक्याकडे रोखून मारलं तर छर्रा तीनच्या रिंगात जाणार. भाचीने हे गणित स्वतः केलं आणि म्हणाली, "म्हणजे सर बरोबर होते." हो बाई, सर बहुतेक वेळा बरोबरच असतात.

म्हणून मग बॅरल किंचित वर करावी लागते. आपण बघतो पीप साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या बारीक भोकातून, ती बॅरलच्या वर काही सेंटीमीटरवर बसवलेली असते. तुमच्या रायफलला पट्टी लावून मोजा, समजा चार सेंटीमीटर आलं. तर बॅरलच्या रेषेला १० मीटरमध्ये ते चार सेंटीमीटर चढायचेत आणि वर पडण्याचे १.९ भरून काढायचेत, एकूण ५.९ सेंटीमीटर. याचा कोन निघतो अंशाचा तिसरा हिस्सा फक्त, डोळ्याला दिसतच नाही, म्हणून पोरांना वाटतं रायफल सपाट धरलीय. यातूनच तो प्रसिद्ध गैरसमज आलाय की गोळी बॅरलमधून निघाली की आधी वर उठते आणि मग खाली येते. कोणी नळीत पंख लावलेत का तिला? बॅरल सोडल्या क्षणापासून गोळी बॅरलच्या रेषेच्या खालीच जात असते, एक मिलिमीटरही वर नाही. ती वर जाताना दिसते ती आपल्या नजरेच्या रेषेच्या तुलनेत, कारण नळीच आपण वर तोंड करून धरलीय. उपवनला तलावात दगड भिरकावताना आपण हात वर करूनच फेकतो, तसंच हे.

हवेकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण यात अंदाज साफ चुकतात. लोकांना वाटतं एवढ्याशा छर्र्याला हवा काय करणार. मी ढोबळ हिशेब केला, छर्र्याचा समोरचा भाग, हवेची घनता, वेगाचा वर्ग वगैरे धरून, तर हवेचा रेटा निघाला छर्र्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण तीसपट! म्हणजे ग्रॅव्हिटी बिचारी एक पट ओढतेय आणि हवा तीस पटीने ब्रेक मारतेय. १० मीटरमध्येच वेग सेकंदाला पंधरा-वीस मीटरने उतरतो. आणि हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर रेटा चौपट, तो अनुभव घ्यायचा असेल तर पाम बीच रोडवर चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढायची गरज नाही (काढूही नका), बाइकवर चाळीसला आणि ऐंशीला छातीवर वारा कसा लागतो ते आठवा. तोफा-बंदुकांच्या बाबतीत हवा एवढी अडवते हे लोकांना पटायलाही वेळ लागला. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या सुमारास एक लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला, त्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झुलला त्यावरून वेग काढायचा. जवळून आणि लांबून मारून बघितल्यावर कळलं की वेग वाटत होता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त घटतोय. तोपर्यंत मंडळी कागदावर सुंदर पॅराबोला, म्हणजे चढताना-उतरताना सारखीच वाकणारी कमान, काढत बसली होती.

पॅराबोला का नाही, तेपण करून बघा. छर्रा टार्गेटच्या उंचीवरून, म्हणजे १.४ मीटरवरून, एकदम आडवा सोडला तर जमिनीवर यायला ०.५३ सेकंद लागतात, तेवढेच जेवढे हातातून सोडलेल्या नाण्याला. हवा नसती तर तेवढ्यात तो ९० मीटर गेला असता. हवा धरली तर माझ्या हिशेबाने साठ-पासष्ट. आणि त्या वाटेचा आकार दोन्हीकडे सारखा नसतो, सुरुवातीला ताणलेली आणि शेवटी जास्त झपकन वाकणारी अशी ती रेषा येते, कारण वेग उतरत गेला की प्रत्येक पुढच्या मीटरला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ग्रॅव्हिटीला घड्याळ मिळतं.

सोसायटीत बॅडमिंटन खेळता ना, शटल बघा. जोरात मारलं तरी सुटतं सुसाट आणि मध्येच दम टाकून उभं खाली येतं. त्यातच दुसरी गोष्टपण दिसते, शटल कसंही मारा, वळून बुचाचं डोकं पुढे करतंच. आपला छर्रा हुबेहूब तसाच बनवलेला असतो, पुढे जड डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घागरा. बंदुकीची दाबलेली हवा त्या घागऱ्याला फुगवून बॅरलच्या आतल्या पिळाला, म्हणजे वळत गेलेल्या खाचांना, चिकटवते, आणि बाहेर आल्यावर तोच घागरा शटलच्या पिसांसारखा शेपूट सांभाळतो. डोकं मात्र चपटं असतं, टोकदार नाही, कारण कागदात स्वच्छ गोल भोक पडलं पाहिजे, मार्क मोजताना भांडण नको. १० मीटरला चपटं डोकं परवडतं.

५० मीटरच्या पॉइंट टू टूच्या (०.२२ इंची रायफलच्या) गोळीला घागरा नाही, तिला सगळा भरवसा गिरकीवर. त्या बॅरलमध्ये पीळ साधारण ४०६ मिलिमीटरला एक फेरा असा असतो आणि वेग सेकंदाला ३३०, भागाकार करा, सेकंदाला आठशेच्या वर गिरक्या! भोवरा फिरता असला की उभा राहतो आणि थांबला की कलंडतो, तेच तत्त्व. गिरकी नसती तर लांबट गोळी हवेत गोते खात गेली असती.

आता वारा. इथे माझ्या मते निम्मे लोक चुकीचं शिकतात. समज असा की गोळी जितका वेळ हवेत तितका वेळ वारा तिला ढकलतो, म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले वेळ. तसं असतं तर ५० मीटरला सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात गोळी साठ सेंटीमीटर बाजूला गेली असती. जात नाही, साधारण दोन सेंटीमीटर जाते. खरा हिशेब असा आहे: आधी हवा नसती तर लागला असता तो वेळ काढा, मग खरा लागलेला वेळ काढा, दोघांतला फरक म्हणजे गोळीला झालेला उशीर, आणि वाऱ्याचा वेग गुणिले तो उशीर म्हणजे बाजूला सरकणं. ५० मीटरला हा उशीर सेकंदाच्या पाच-सहा हजारांश भागाएवढा, म्हणून दोन सेंटीमीटर. पण ते काही कमी नाही, त्या टार्गेटवर दोन सेंटीमीटर म्हणजे अडीच रिंगा. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ घेऊन आला तो खेळ हाच. ओपन रेंजवर लेनच्या बाजूला त्या छोट्या झेंड्या लावलेल्या असतात त्या सजावटीसाठी नाहीत.

याच हिशेबातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. जास्त वेगवान पॉइंट टू टू गोळी वाऱ्यात कमी हलेल असं वाटतं ना? उलट, जास्त हलते. कारण आवाजाच्या वेगाजवळ आणि त्याच्या वर गेलं की हवेचा रेटा एकदम उसळतो, एकूण वेळ कमी लागला तरी उशीर जास्त होतो. म्हणून मॅचच्या गोळ्या मुद्दाम ३३० च्या आसपास, आवाजापेक्षा हळू ठेवतात. भाचीला हे सांगितल्यावर ती पाच मिनिटं माझ्याशी भांडली, मग वहीत दोन्ही हिशेब मांडून दाखवले तेव्हा गप्प बसली.

इनडोअर १० मीटरला वारा नसतो असं म्हणायच्या आधी एक किस्सा ऐका. मध्यंतरी आम्ही एका ठिकाणी सरावाला जायचो, पत्र्याची शेड, मे महिना, घामाने पोरांची अवस्था वाईट, म्हणून तिथल्या लोकांनी बाजूला दोन मोठे पेडेस्टल फॅन लावलेले. सगळ्या पोरांचे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे घोळके, एका बाजूला सरकलेले आणि जो तो आपापली साइट फिरवतोय. घरी येऊन उशीर काढला, ०.०६२ वजा ०.०५९, म्हणजे तीन हजारांश सेकंद. फॅनचा वारा सेकंदाला २ मीटर आणि पूर्ण वाटभर धरला तर सहा मिलिमीटर! वाटभर नव्हता म्हणून तेवढा गेला नाही, पण दहाचा नऊ करायला अडीच-तीन मिलिमीटर पुरतात. पुढच्या आठवड्यात फॅन पोरांच्या मागे लावायला सांगितले, तोंड वाकडं केलं पण लावले.

आणि हो, "आपल्याकडची हवा दमट म्हणून जड, गोळी अडकते" हे वाशी-बेलापूरकडे हमखास ऐकू येतं. चूक. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित हलकीच. अंगाला चिकटते म्हणून जड वाटते. तापमानाचा परिणाम जास्त, पस्तीस डिग्रीची हवा पंधरा डिग्रीच्या हवेपेक्षा सहा-सात टक्के पातळ असते. १० मीटरला विसरून जा, ५० ला थोडा विचार करा.

आता रेंजवर प्रत्यक्ष काय करायचं. साइटच्या नॉबला हात न लावता पाच छर्रे मारा, सगळे एकाच कागदावर, आणि त्या पाच भोकांचा मध्य पट्टीने काढा. एका छर्र्याकडे बघून साइट फिरवणं म्हणजे एका दिवसाच्या पावसावर छत्री विकत घेणं आणि दुसऱ्या दिवशी विकणं. मग नॉबच्या एका क्लिकने, म्हणजे एका खटक्याने, किती हलतं ते शोधा, मॅन्युअलमध्ये असतं, नसेल तर दहा क्लिक वर करून परत पाच मारा, दोन मध्यांतलं अंतर भागिले दहा. समजा ग्रुप सात मिलिमीटर खाली आहे आणि क्लिक पाव मिलिमीटरचा निघाला, तर अठ्ठावीस क्लिक वर. मागची साइट जिकडे हलवाल तिकडेच छर्रा जातो, पुढची असेल तर उलटं, हे रायफलच्या केसवर मार्करने लिहून ठेवा, टेन्शनमध्ये सगळे विसरतात. मग परत पाच.

ग्रुप एकाच वेळी बाजूला आणि थोडा खाली जात असेल तर साइटला दोष देऊ नका, रायफल तिरकी होतेय का बघा. पडण्याचे १९ मिलिमीटर भरून काढायला बॅरल आपण "वर" केलीय, पण रायफल उजवीकडे झुकली की ते "वर"सुद्धा उजवीकडे झुकतं, ग्रॅव्हिटी मात्र सरळ खालीच ओढते. पाच अंश तिरकी झाली तर दीड मिलिमीटरच्या थोडं वर उजवीकडे, म्हणजे १०.९ चा १०.३ होतो, आणि फायनल तर दशांशावरच जाते. ५० मीटरला पडणंच बारा सेंटीमीटर, तिथे तीच तिरकी एक सेंटीमीटरला पडते. कोणाला तरी मागून फोटो काढायला सांगा, स्वतःला कधीच कळत नाही.

छर्रेपण निवडून घ्या. डबी पडली की घागरे चेपतात, आणि चेपलेल्या घागऱ्याचा छर्रा म्हणजे पीस तुटलेलं शटल. काचेवर हळूच लोळवा, जो वेडावाकडा लोळतो तो बाजूला. नंतर साबणाने हात धुवा, शिसं आहे ते, त्याच हाताने वडापाव खाऊ नका.

अजून एक, कारण हळदीला हवेत बार काढणारे महाभाग आपल्या भागातपण आहेत. वर गेलेली गोळी "जिरते" असं त्यांना वाटतं. वर जाताना वेग संपतो हे खरं, पण खाली येताना ग्रॅव्हिटी परत भरायला लागते आणि हवा ते एका मर्यादेला थांबवते. अमेरिकन सैन्यातल्या हॅचर नावाच्या अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी मोजलं होतं, रायफलची गोळी परत येताना सेकंदाला साधारण ९० मीटरने येते. कवटीला तेवढं पुरतं. आपल्या एअर रायफलचा छर्रासुद्धा निघताना साडेसात ज्यूल घेऊन निघतो, डोळा जायला त्याच्या कितीतरी कमी लागतं, तेव्हा गच्चीवर कबुतरांवर वगैरे अजिबात नाही, जे काय ते रेंजवर, सरांसमोर, चष्मा लावून.

भाचीचं आता नवीन सुरू झालंय, टार्गेट वर टेकडीवर असेल तर किती पडेल. येऊरला चालायला गेलो की तेच विचारते. वहीचं पुढचं पान त्याचं आहे, अजून कोरं.